चार बोटं जास्त

सुताराने पोलादी टेप काउंटरमधल्या पितळी पट्टीवर ताणून धरला, दुसऱ्या टोकाला अंगठा दाबला आणि कानामागची पेन्सिल काढता काढता म्हणाला, "त्र्याण्णव." मग त्याने टेप सोडला. तो सरसरत डबीत शिरला आणि खट् झालं. एवढ्याशा आवाजाने मापारी दचकला.

"त्र्याण्णव काय?" हॉटेलवाल्या बाईंनी विचारलं. त्या शिडीवर उभ्या राहून दिव्यांच्या तारा बघत होत्या.

"ही पट्टी. तुम्ही मीटरची म्हणालात ना? मीटरला सात कमी आहे."

"जुनं माप असेल. गज की काय म्हणतात तो. हो ना काका?"

मापारी हो म्हणणार होता. तेवढ्यात सुतारच म्हणाला, "गज एक्क्याण्णवचा. ही ना गज, ना मीटर. अधलंमधलं आहे काहीतरी." तो हसला. बाई हसल्या. मापारीही हसला.

"असू दे," बाई उतरत म्हणाल्या. "हिच्यावर आता कोण कापड मोजणार आहे? हिच्यावर प्लेटा यायच्यात."

मापारी हे त्याचं नाव नव्हे. मालकांनी कधीतरी गमतीने म्हटलं आणि ते चिकटलं. पुढेपुढे गिऱ्हाइकंही, मापाऱ्यांना बोलवा, असं म्हणू लागली. चौतीस वर्षं तो याच काउंटरमागे उभा राहून कापड मोजत होता. मालक गेले, पाठोपाठ दुकान मिटलं, जागेत आठ महिने कोणी मोबाइल विकले, मग काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली राहिली. आता मालकांच्या सुनेने जागा या बाईंना दिली होती. बाई तिशीतल्या, भरभर चालणाऱ्या. पहिल्या दिवशी मापारी "तुमचं हॉटेल" म्हणाला तेव्हा त्यांनी "रेस्टॉरंट, काका" असं दुरुस्त केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी नाद सोडला. त्यांनी काउंटर ठेवला, भिंतीतले खण ठेवले, कापडाच्या ताग्यांच्या फळ्यांवर आता बाटल्या उभ्या राहणार होत्या. कोणत्या खणात काय असायचं हे विचारायला त्यांनी मापाऱ्याला शोधून काढलं. अस्तर कुठे, कॉलरचं बुकरम कुठे, खडू कुठे, हे त्याने डोळे मिटून सांगितलं. बोलता बोलता मालकांचा नियमही सांगितला: माप झालं की खुणेपुढे डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची आणि बोटांपलीकडे कात्री लावायची. गिऱ्हाइकाने मागितलेलं त्याच्या हक्काचं, ही चार बोटं आपल्याकडून. बाईंचे डोळे एकदम चमकले. आठ दिवसांत बोर्ड तयार झाला. हिरव्या पाटीवर सोनेरी अक्षरं: चार बोटं जास्त.

तो बाहेर आला. उन्हं उतरली होती. रस्त्याच्या या हाताला बावीस गाळे. येता-जाता मोजायची त्याची सवय. बावीसांतले अकरा आता खाण्याचे होते. वह्या-दौतींचं दुकान होतं तिथे कॉफी, आणि जुन्या काचेच्या कपाटात शाईच्या बाटल्यांऐवजी बिस्किटं. घड्याळजीच्या जागी आइस्क्रीम. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या अरुंद फटीत आता उभ्याने खायची सोय, चार उंच स्टुलं आणि एक आरसा, म्हणजे आठ स्टुलं दिसतात. पूर्वी या रस्त्यावर माणूस पिशवी घेऊन यायचा, आता पोट घेऊन येतो, असं मापारी बायकोला म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "पोट तेव्हाही आणायचाच की, फक्त घरी जाऊन भरायचा." त्याला याचा राग नव्हता. कापडाचं दुकान काही खाण्याने मारलं नाही. कापड घेऊन, शिंप्याकडे नेऊन, आठ दिवस वाट बघणारी माणसंच आटली. आटली. हा शब्द मनात आला आणि त्याचं पाऊल क्षणभर अडलं. मागून येणारी मुलगी "सॉरी" म्हणत वळसा घालून गेली.

आटतं. मागच्या गल्लीतले शिंपी म्हणायचे. तुमच्या दुकानचं कापड चांगलं, रंग पक्का, पण आटतं हो मापारी. तीन मीटर आणलं की पावणेतीन धरून चालायचं. आणि तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचा, शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा. वर्षानुवर्षं सांगत आला. किती बायकांनी किती बादल्यांत किती कापड भिजवलं असेल, सावलीत वाळवलं असेल, इस्त्री फिरवून शिंप्यासमोर ठेवलं असेल, आणि शिंपी म्हणाला असेल, बघा, आटलं. उलट ताग्याच्या शेवटी नेहमी थोडं कापड उरायचं. चाळीस मीटरच्या ताग्यातून सगळी मापं देऊन, चार-चार बोटं सोडूनही हातभर तुकडा शिल्लक. मालक तो तुकडा उचलून कौतुकाने दाखवायचे. "बघ, आपण लोकांना चार बोटं देतो, गिरणी आपल्याला देते. दिलेलं परत येतं." मापारी मान डोलवायचा. ती मान त्याला आत्ता दिसली, दुसऱ्या कुणाची असावी तशी, खाली-वर होणारी.

घरी बायको ओट्यापाशी होती. पत्र्याचा डबा डाव्या कुशीत धरून ती झाकणाच्या कडेखाली पितळेचा तुकडा घालून दाबत होती. झाकण उडालं. तिने तुकडा धुऊन फळीवर ठेवला, रोजच्या जागी, चमच्यांच्या पेल्याशेजारी.

"झालं का हॉटेलवालीचं? किती वेळ उभं केलं?"

"झालं."

"उद्घाटन शनिवारी चार वाजता ना? मी त्यालाही सांगितलंय. येतो म्हणाला."

त्याला म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. घरात त्याचं नाव डावरा.

मापारी खुर्चीत बसला. फळी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत होती. अठ्ठावीस वर्षं ती होती, आणि तुकडाही. त्याने कधी पाहिला नव्हता असं नाही. रोज पाहिला होता. चमचे पाहतो तसा.

दुकानाचं छत गळलं होतं तेव्हाची गोष्ट. काउंटरची फळी फुगली, नवी बसवावी लागली. मालक बाहेरगावी लग्नाला, तीन दिवस. जाताना सांगून गेले, परत येईन तेव्हा दुकान उघडं दिसलं पाहिजे. तेव्हाच्या सुताराने नव्या फळीत पट्टीसाठी खाच पाडली ती आखूड पडली आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. पट्टी एका टोकाला वाकलीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक दारात असणार. मापारी एकटा, हातात लोखंड कापायची करवत. त्याने वाकलेलं टोक कापलं. काप तिरका गेला. पट्टी खाचेत चपखल बसली, आणि ती बसली याचा त्याला इतका आनंद झाला की बाकी काही सुचलंच नाही. नाही, सुचलं होतं. तुकडा त्याने खडूच्या खणात ठेवला होता, मालक आले की सांगू, खाच वाढवू, जोडून टाकू, म्हणून. मालक आले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! मापारी, तू असताना मला काळजी नाही." त्यानंतर कसं सांगायचं? उद्या सांगू. महिन्याभराने तुकडा खिशातून घरी आला. बायकोने विचारलं, कुठून आणलात? दुकानातला, फेकायचा होता. तिने लगेच त्याचा उपयोग शोधला. ती कुठल्याही वस्तूला रिकामं बसू देत नाही.

आणि नाहीतरी चार बोटं आपण जास्त देतोच की. हे वाक्य त्याने तेव्हा मनात म्हटलं होतं, शब्दन् शब्द. आता इतक्या वर्षांनी ते सापडलं, खणाच्या तळाशी चिकटलेला कागद निघावा तसं. मीटरभर कापड घेणाऱ्याला चार बोटं जास्त मिळून बरोबर मीटर मिळत होता. तीन मीटरवाल्याची चार बोटं दोनदा बुडत होती. दुकानाचा मोठेपणा म्हणजे त्याच्या करवतीच्या कापावरचं ठिगळ होतं.

बायको दुसऱ्या खोलीत गेल्यावर तो उठला, तिच्या शिवणाच्या डब्यातला कापडी टेप काढला आणि तुकडा मोजला. सात. तिरक्या बाजूने सव्वासात.

"काय मोजताय?" ती दारात उभी होती.

"काही नाही."

"काही नसलेलं मोजायला टेप लागतो होय?" ती म्हणाली आणि टेप गुंडाळून डब्यात ठेवून दिला.

डावरा दुकानात लागला तो त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. मापाऱ्यानेच लावला. मेहुणा म्हणून नव्हे, पोराच्या हाताला नजाकत होती. डाव्या हातात कात्री धरायचा आणि कापडात नावेसारखी सोडून द्यायचा. ती आवाज न करता पलीकडे निघायची. गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. मग एका शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांची ऑर्डर आली. जमिनीपर्यंतच्या चाळीस खिडक्या, प्रत्येकी अडीच मीटर, सगळं कापड डावऱ्याने एका दिवसात कापलं. पडदे शिवून टांगले, आणि एकूण एक पडदा अर्धी वीत वर लोंबकळत राहिला. मुख्याध्यापिका दुकानात आल्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरं पडद्यांमागे लपतात आणि खालून एकमेकांचे पाय बघत हसतायत." मालकांनी सगळ्यांसमोर डावऱ्याचा हात धरून वर केला. "डाव्या हाताने रेघ सरकते. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. कापड नाही आटलं, हा हात आटलाय." गिऱ्हाइकं हसली. डावऱ्याने मापाऱ्याकडे पाहिलं. भाऊजी काहीतरी बोलतील असं त्या बघण्यात होतं. मापारी तेव्हा निळ्या पॉपलिनचा तागा घडी करत होता. घडी झाली. त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की तेव्हा पट्टीची आठवणच झाली नाही. पण घातलेली घडी कोणी मोडून पुन्हा घालत नाही. हातांना कळलं होतं.

डावरा पुढे शाळेच्या बसवर ड्रायव्हर झाला. "स्टेअरिंगला डावं-उजवं कळत नाही," असं हसत सांगायचा. हसतच त्याने उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली, सही बदलली. डावा हात पँटच्या खिशात राहायला शिकला. कुणाला वाटावं, रुबाबात उभा आहे. त्याची मुलगी चार वर्षांची असताना याच घरात, याच टेबलाशी तिने चमचा डाव्या हातात उचलला. डावऱ्याने फटकन हातावर मारलं. चमचा खाली पडला. मग खिशातला रुमाल काढून त्याने तिचं डावं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं, हळुवार, दुखू नये असं. "माझं झालं ते हिचं नको," तो म्हणाला. बायको भावाशी दोन दिवस बोलली नाही. मापारी जेवत राहिला. मुलगी आता दुसऱ्या शहरात असते, वर्षातून एकदा येते. वाकून नमस्कार करते, "कसे आहात आतोबा" विचारते, आणि कागदावर काही लिहायचं झालं की पेन उजव्या हातात घेण्याआधी तिचा डावा हात टेबलावर एकदा हलतो. वडिलांशी ती कामापुरतं बोलते. याचं कारण रुमालच असं कोण म्हणणार? माणसांत दुरावा यायला शंभर कारणं असतात. मापाऱ्याने शुक्रवारभर त्या शंभरांतली पुष्कळशी मनात मांडून पाहिली. ती सगळी खरी होती. रुमाल त्यांच्या खालीच होता.

आणि आता सांगून काय मिळणार? मालक नाहीत. दुकान नाही. डावऱ्याने आपल्या हाताशी कसाबसा तह केला आहे. त्याला आता सांगायचं की तुझा हात कधीच चुकला नव्हता, म्हणजे मुलीला मारलेली ती चापटही उगाचच होती, हे त्याच्या पदरात टाकायचं? न सांगण्यातही दया असू शकते. हा विचार त्याला बरा वाटला. इतका बरा वाटला की त्याला त्याचा संशय आला. मालक आले त्या दिवशीही त्याला असंच बरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "डब्याची पट्टी कुठे गेली? सकाळपासून झाकण निघेना."

"माझ्या खिशात आहे."

"खिशात कशाला?"

"लागेल तिथे."

ती बाहेर आली. साडीचा पदर नीट करता करता तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं "दुकानातला" हे उत्तर ती आत्ता तपासत असावी. पण बोलली एवढंच, "चला. तो आधी पोचला तर बाहेरच उभा राहील. आत नाही जायचा."

डावरा खरंच बाहेर उभा होता, डावा हात खिशात, मान वर करून बोर्ड वाचत. "काय भाऊजी, तुमचं दुकान खायला निघालं की!" तो म्हणाला. आणि बोर्डाकडे हनुवटी करून, "बरोबर आहे. माझ्या वेळी कमी पडली होती, ती इथे जमा झाली."

"झाली तुझी सुरुवात," बायको म्हणाली.

"मग काय रडू? सव्वीस वर्षं झाली ताई, आता त्या पडद्यांनासुद्धा लाज वाटत नसेल."

आत तीस-चाळीस माणसं होती. कॉफीचं यंत्र फुसफुसत होतं. काउंटरला पॉलिश चढलं होतं, पितळी पट्टी घासून सोन्यासारखी केली होती. खडूच्या खणात काटे-चमचे होते. मापाऱ्याने तो खण ओढून पाहिला आणि पुन्हा लावला. बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. रिबीन कापायची नव्हती. पांढऱ्या सुती कापडाचा तागा काउंटरवर ठेवला होता. जुन्या दुकानातल्या काकांनी जुन्या रीतीने एक मीटर मोजायचं, चार बोटं सोडायची आणि कापायचं. तो तुकडा चौकटीत घालून भिंतीवर लागणार होता. "आमच्या कामाचं तत्त्वच हे आहे," बाई म्हणाल्या. "माप पुरं करून वर थोडं."

मापाऱ्याने कापडाची कड पट्टीच्या सुरुवातीला लावली. हात आपोआप चालू लागले. कापड सरळ झालं, पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. चार बोटं आडवी पडली. कोणीतरी फोटो काढला. आता फक्त कात्री चालवायची होती.

"ए, इकडे ये," तो म्हणाला.

डावऱ्याने मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. "मी? मी कशाला भाऊजी? जेवायला आलोय मी."

"ये म्हणतो ना."

तो आला. मापाऱ्याने कात्री पुढे केली. डावऱ्याने ती उजव्या हातात घेतली, परक्याचं मूल घ्यावं तशी. मग मापाऱ्याने कापड बाजूला सारलं, खिशातून पितळेचा तुकडा काढला आणि पट्टीच्या टोकाला लावला. खाच संपल्यामुळे तो फळीवर उंच बसला, पण तिरक्या कापाला तिरका काप मिळाला. मध्ये केसही जाणार नव्हता.

डावरा वाकून बघत राहिला. "ही तर ताईच्या डब्याची पट्टी."

"हो."

"इथली?"

"इथली. मीच कापली होती. तू लागायच्या आधी." माणसं ऐकत होती; त्यांनी ऐकावं असं त्याला वाटलं. तेव्हाही गिऱ्हाइकं ऐकत होती. "ही पट्टी मीटरला सात सेंटिमीटर कमी आहे. शाळेचे पडदे हिच्यामुळे आखूड पडले. मला माहीत होतं. तुझा हात बरोबर होता."

डावऱ्याचा चेहरा हसायच्या बेतात होता तसाच राहिला. त्याने कात्री काउंटरवर ठेवली. खूप हळू ठेवली. मग डावा हात खिशातून काढून पट्टी आणि तुकडा जिथे मिळत होते त्या सांध्यावरून अंगठा एकदा फिरवला.

"ती घडी," तो म्हणाला. "निळ्या पॉपलिनची. तुम्ही दोनदा घातलीत. मला वाटलं, माझी लाज वाटून घालताय."

मापाऱ्याने मान खाली-वर हलवली.

"पोरीला..." डावरा म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून, माणसांतून वाट काढत दाराबाहेर गेला.

"काका!" बाई कुजबुजल्या, त्यांचे डोळे पुन्हा चमकत होते. "ही तर आणखी भारी गोष्ट आहे. आपण हे मेन्यूच्या मागच्या पानावर..."

"जरा थांबा हो बाई," मापाऱ्याची बायको म्हणाली. आवाज मोठा नव्हता. बाई थांबल्या. ती काउंटरपाशी आली, तुकड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं नाही. "रोज माझ्या हातात होतं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

काचेपलीकडे, पूर्वी जिथे साडी नेसवलेले पुतळे उभे असायचे त्या जागेसमोर, डावरा पाठमोरा उभा होता. उजव्या हाताने फोन कानाशी धरला होता. पलीकडे घंटी वाजत असावी. मग त्याची मान हलली. तो बोलू लागला. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. तो रडत होता, भांडत होता की नुसतं सांगत होता, पाठीवरून समजत नव्हतं. डावा हात वर आला, हवेत थांबला, आणि त्याची दोन बोटं मिटली, उघडली, मिटली. कापडातून कात्री कशी जाते ते तो कुणाला तरी दाखवत होता. फोनवर दिसत नाही हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

"काका, कापू या का?" बाईंनी विचारलं. "लोक थांबलेत."

"तो आल्यावर," मापारी म्हणाला.

"येतील का ते?"

हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याने कापड पुन्हा ओढून घेतलं, पट्टीच्या सुरुवातीला कड लावली, पट्टीवरून पुढे नेलं, तुकड्यावरून पुढे नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटर पुरा झाला. तुकडा सुटा होता, कापडाच्या ओढीने सरकत होता. तो सरकू नये म्हणून मापाऱ्याने त्यावर डावा हात ठेवला आणि दाराकडे बघत उभा राहिला. चार बोटांखाली तुकडा बरोबर झाकला गेला होता.